दांडी नसलेली सायकल

४ रज्जब, हिजरी १३२८

नवरा कोर्टाच्या पायरीवर बसून लोकांचे अर्ज लिहायचा. त्याने मला अक्षरं शिकवली आणि मेला. अक्षरं उरली. मला लिहिता येतं हे मी कैरोत कुणाला सांगत नाही. दलालीण लिहिते म्हटल्यावर बायका तिच्यासमोर तोंड उघडायच्या नाहीत, आणि तोंड उघडलं नाही तर कापड कसं खपायचं?

आज गुलफिदान हानिम या बड्या बाईने हिलमियाच्या घरी बोलावलं. वीस वर्षं त्या घरात सुई गेली तीसुद्धा माझ्या गाठोड्यातून. हानिम दुकानाची पायरी कधी चढलेली नाही. तिचं दुकान म्हणजे मी. तिच्या मुलीचं, बहिजाचं, लग्न ठरलं. मुलगा रिफ्की एफेंदी. कालवे खात्यात इंजिनियर, अब्बासियाला राहतो, आई आहे, बाप नाही. रमजान लागायच्या आत बार उडवायचा.

मी म्हटलं, "कपडे, फर्निचर, तांबं-पितळ, सगळं माझ्यावर सोडा."

हानिम वारा घेत म्हणाली, "बहिजा म्हणते, अताबाच्या चौकात ते काचेच्या खिडक्यांचं नवीन मोठं दुकान झालंय, तिथे जाऊ."

"काच बघायला जा. खरेदीला मी आहे."

"तिथे बायकांना वेगळी खोली आहे म्हणे. विकायलाही बायाच. भाव चिठ्ठीवर लिहिलेला असतो."

"मग तिथे बोलायचं काय?"

हानिम हसली. मला हसू आलं नाही. त्या काचेने माझी चांगली चांगली घरं खाल्ली. हे एवढं मोठं घर उरलं. तेही गेलं तर गाठोडं चुलीत घालून बसावं लागेल. बहिजाचं सामान अब्बासियाला असं गेलं पाहिजे की वाटेतल्या एकेका खिडकीने विचारावं, हे घेतलं कुणी?

९ रज्जब

गेलेच शेवटी काचेच्या दुकानात. हानिम, बहिजा आणि मी. बंद गाडीतून. माझे हात रिकामे होते, ते कुठे ठेवायचे कळेना.

आत उजेड एवढा की कापडाचा खोटेपणासुद्धा खरा दिसावा. विकणारी एक सिरियन पोरगी, केस उघडे, कमरेला फीत. हानिमने हातमोजे उचलले. मी नेहमीप्रमाणे तोंड वाकडं करून म्हटलं, "एवढ्याशा चिंधीला एवढे?"

पोरगी म्हणाली, "हाच भाव आहे, खाला."

"तुझ्या मालकाला बोलाव."

"मालकही हाच भाव सांगतील."

मी उठले, दारापर्यंत गेले. ही आपली रीत. दारापर्यंत गेलं की हाक येते. हाक आली नाही. मी दारात उभी राहिले. काचेत मलाच बघत. मग परत येऊन बसले, काय करणार?

हानिमने हातमोजे घेतले. सांगितलेल्या भावात! वर पोरीचे आभार मानत "शुक्रन" म्हणाली. गाडीत मी तोंड फिरवून बसले.

बहिजाने मात्र काही घेतलं नाही. ती वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होती. एक एफेंदी, कुठल्याशा कचेरीतला बाबू, सायकलवरून ट्रामच्या बाजूने सुसाट गेला. ट्राम मागे पडली. पोरगी पडदा वर करून एवढं बघत राहिली की मला तिच्या दंडाला चिमटा काढावा लागला. "तुझा नवराही असाच हिंडतो म्हणे सायकलवर," मी म्हटलं. "माहितीये," ती म्हणाली. "दर शुक्रवारी आमच्या गल्लीतून जातो. त्याला वाटतं, कुणाला कळत नाही."

आजकालच्या पोरी.

१५ रज्जब

फर्निचर माझ्याच हाती राहिलं. मनास्राच्या सुतारांकडे गेले. सोनेरी मुलामा दिलेल्या खुर्च्या, तीन आरशांचं कपाट, पितळी पलंग, हस्तिदंताच्या नक्षीची चौरंगी मेजं. सुतार म्हणाला, "सित्त वसीला, खुर्च्या बसायला जरा अवघड आहेत." मी म्हटलं, "बसायला घेतल्याच नाहीत. गाडीवरून उन्हात चमकल्या पाहिजेत." त्याला पटलं. तो या धंद्यात जन्मलाय.

एका गाडीवर एकच वस्तू ठेवायची असं ठरवलं. एका खुर्चीला एक गाडी, एका आरशाला एक गाडी. गर्दी करून सामान नेलं तर लोकांना वाटतं घर बदलताहेत.

परत आले तर बहिजाने मला माजघरात ओढलं. हातातली सोन्याची एक बांगडी काढून माझ्या मुठीत कोंबली. "खाला, एक सायकल आण. आईला सांगू नकोस."

मी लगेच ओळखलं. नवऱ्याला भेट. त्याची जुनी झाली असेल. म्हटलं, "पोरी, तुला अक्कल आहे हे आज कळलं. नवरा मुठीत राहील."

ती म्हणाली, "कुणासाठी ते विचारू नकोस. फक्त तिला मधली आडवी दांडी नको. आणि मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी असते, तशी हवी. बसायची जागा फार उंच नको."

"मुलगा उंच आहे. मी पाहिलाय."

ती हसली. एवढी हसली की उचकी लागली. मग म्हणाली, "लग्न होईपर्यंत तुझ्याच घरी ठेव. मी नंतर मागवून घेईन."

बरं म्हटलं. दांडी का नको, ते मला कळलं. नवरा चढता-उतरताना अडखळू नये. जाळी कशाला तेही कळलं. एफेंदी लोक लांब कोट घालतात, चाकात जाईल. पोरगी विचार करणारी आहे.

१७ रज्जब

सायकल घेतली. माझ्या धंद्यातला हा सर्वात उत्तम सौदा झाला. मुद्दाम लिहून ठेवते.

मुस्कीच्या टोकाला एका ग्रीक खवाजाचं, परदेशी व्यापाऱ्याचं, दुकान आहे. सायकली छताला टांगलेल्या, खाटकाकडच्या बकऱ्यांसारख्या. त्याने एक खाली काढली. हिरवी. बघते तर मधली दांडी खरंच नाही! खाली वाकडी होऊन गेलेली एक नळी, बस्स. आणि भाव सांगतो दांडीवालीपेक्षा जास्त!

मी म्हटलं, "खवाजा, तू मला काय समजलास? लोखंड कमी, भाव जास्त?"

"सित्त, ही अशीच असते, ही जी आहे ती—"

"अशीच असते म्हणे! दांडी तुटली, काढून टाकली, वर हिरवा रंग मारलास."

"नाही हो सित्त, याचं कारण असं—"

"कारण मला माहीत आहे. मी तुझ्या आईच्या वयाची आहे."

तो माझ्यापेक्षा म्हातारा होता, पण बोलताना असलं चालतं. त्याने हातांनी घागऱ्यासारखं काहीतरी करून दाखवलं. मी म्हटलं, "नाच नकोस, भाव कर." दारापर्यंत गेले. इथे हाक आली! अजून जगात माणसं आहेत. शेवटी तुटलेल्या दांडीचं लोखंड वजा करून भाव ठरला. वर घंटी फुकट घेतली. खवाजा कपाळाला हात लावून हसत होता. सौद्यात हरल्यावर माणूस असाच हसतो.

ढकलत घरी आणली. शेजारीण म्हणाली, "वसीला, आता यावरून जाणार का?" म्हटलं, "तुझ्या अंत्ययात्रेला येईन यावरून."

२६ रज्जब

पिंजारी आला. अंगणात दिवसभर कापूस पिंजला. बायकांनी गाणी म्हटली, सरबत झालं. गाद्या, उशा, लोड, सगळं गुलाबी साटीनचं. उकाडा असा की कापूस अंगाला चिकटत होता. नदीला पाणी चढतंय म्हणतात.

दुपारी वर गेले तर बहिजा एकटीच. नव्या लोडावर घोड्यावर बसावं तशी बसलेली, दोन्ही हात पुढे धरलेले, आणि पाय गोल गोल फिरवतेय. मला बघून खाली उतरली. लाल झाली. म्हटलं, "पायाला मुंग्या आल्या का?" म्हणाली, "हो खाला." म्हटलं, "लोडाचा आकार बिघडेल. पायाला व्हिनेगर चोळ."

२ शाबान

उद्या सामान निघायचं. सगळ्या गाड्या ठरल्या. बँड ठरला, सहा पितळी वाद्यं आणि एक ढोल. उम्म रिफ्की, म्हणजे मुलाची आई, जरा तिखट बाई आहे असं ऐकते. तिचे सगळे नातेवाईक दारात उभे राहणार.

सायकलीचं मी मनाशी ठरवून टाकलं. घरी ठेव म्हणाली पोरगी, पण तिला काय कळतं? वधूच्या घराने घेतलेली वस्तू मिरवणुकीत गेली नाही तर लोक म्हणतात लपवली. आणि लपवलेल्या वस्तूला दृष्ट लागते. शिवाय कोणत्या मुलीच्या सामानात आजवर नवऱ्यासाठी सायकल गेली आहे? अब्बासियात वर्षभर बोलतील. काचेच्या दुकानाला सुचेल का अशी कल्पना!

पहिल्या गाडीवर ठेवणार. बँडच्या लगेच मागे. हँडलला गुलाबी फीत बांधली आहे.

४ शाबान

काल लिहिता आलं नाही. ढोपर सुजलं होतं. आज लिहिते.

मिरवणूक चांगली निघाली. खुर्च्या चमकत होत्या, आरशांत आभाळ आणि माणसं हलत होती. मी पहिल्या गाडीवर सायकल धरून बसले होते. बायका खिडक्यांतून जिभा नाचवून आनंदाच्या आरोळ्या देत होत्या. बहिजाचा मामा तुर्की टोपी सरळ करत पुढे चालत होता. त्याने सायकल बघून विचारलं, "हे काय?" म्हटलं, "जावयाला भेट." तो म्हणाला, "वा!" त्यालाही कळलं नाही. एवढं मी माझ्या बाजूने सांगते.

अब्बासियाला पोचलो. उम्म रिफ्की दारात, मागे पंधरा-वीस बायका. रिफ्की एफेंदी आणि त्याचे कचेरीतले मित्र पायरीवर. बँड जोरात. गाडी थांबली. मी म्हटलं, "मुबारक! पहिली वस्तू जावईबापूंना!"

एक मित्र, मिशी वर पिळलेला, पुढे आला, सायकलीकडे बघितलं आणि मोठ्याने हसला. "अरे रिफ्की! ही तर बायकांची सायकल! दांडी नाही, घागऱ्याला जाळी! अरे, ही काय तुला नाही, नवरीला आहे! नवरी चालवणार रे!"

बँडवाले थांबले. ढोलवाला उशिरा थांबला.

मला तेव्हा कळलं. लोड, पाय, जाळी, उचकी, खवाजाचा घागरा. सगळं एकदम. आपण किती मूर्ख आहोत हे कळायला माणसाला फार वेळ लागत नाही.

उम्म रिफ्कीचा आवाज वरच्या मजल्यांपर्यंत गेला. "मी सून मागितली होती. सर्कशीतली नाही! उघड्या रस्त्यावर पाय फिरवणारी? माझ्या दारात? फिरवा गाड्या. सगळं सामान माघारी न्या!"

मामा पांढराफटक पडला. "बाई, ऐकून तरी घ्या..."

"काय ऐकू? डोळ्यांनी दिसतंय. तुमच्या पोरीचं घोडं पहिल्या गाडीवर आलंय, फीत बांधून!"

गाडीवाल्याने खेचराचा लगाम धरला. वळायच्या तयारीत. एकदा का सामान माघारी वळलं की त्या पोरीकडे पुन्हा कुणी बघत नाही. बघतं ते फक्त खिडकीतून, बोट दाखवायला. आणि माझ्यासाठी कैरोतला एक दरवाजा उघडा राहणार नाही. हा दुसरा विचार आधी आला असं लिहिलं पाहिजे. पण कुठला आधी आला ते मला नक्की सांगता येत नाही.

मी गाडीवरून उतरले आणि सायकल खाली घेतली. म्हटलं, "कसला आरडाओरडा चाललाय? ही माझी आहे."

"तुझी?" उम्म रिफ्की.

"माझी. दलालीण आहे मी. दिवसभर गाठोडं घेऊन हिलमिया ते शुब्रा पायी हिंडते. पाय तुमचे नाही दुखत, माझे दुखतात. घेतली. परत जायला लागेल म्हणून गाडीवर टाकली. भेट म्हटलं ती गंमत."

"या वयात?"

"मग काय, मेल्यावर घेऊ?"

मिशीवाला म्हणाला, "चालवून दाखव, खाला!" आणि सगळी गल्ली तेच म्हणायला लागली. पोरं, गाडीवाले, बँडवाले. "चालव! चालव!"

मी काळी चादर कमरेला खोचली, उजवा पाय टाकला आणि बसले. खवाजाने एक गोष्ट बरोबर सांगितली असती, मी ऐकली असती तर. दांडी नसल्याने पाय अडकला नाही. रस्ता जरा उताराचा होता. मी गेले. चाक फिरलं की मी फिरले, ते सांगता येत नाही. घंटी आपोआप वाजत होती. सगळं जग बाजूला पळत होतं. मग समोर लिंबूसरबतवाला आला. म्हणजे तो तिथेच होता, आले मी.

मोठा घडा, मी आणि सरबत, सगळं एकत्र रस्त्यावर.

हसू असं उसळलं की खिडक्यांतून मुलं पडायची बाकी राहिली. उम्म रिफ्की दाराच्या चौकटीला धरून हसत होती. डोळ्यांत पाणी. "अगं, हिला कुणीतरी उठवा! अल्ला, मी मेले हसून!" हसणाऱ्या माणसाला पुन्हा तितकंच रागावता येत नाही. मी खाली बसल्या बसल्या ओरडले, "बँड का थांबलाय? तुम्हाला बोलावलं कशाला?" ढोल वाजला. खुर्च्या वर जायला लागल्या.

रिफ्की एफेंदी धावत आला होता. मला वाटलं मला उठवायला. आधी त्याने सायकल उचलली. चाक हातांनी फिरवून बघितलं, वाकडं झालंय का ते. मग मला उठवलं. "लागलं का, खाला?" विचारलं. चांगला मुलगा आहे. पण आधी सायकल.

५ शाबान

हानिमने बोलावून दोन तास ऐकवलं. तमाशा केला, घराची शोभा घालवली, या वयात रस्त्यावर पाय वर. मी सगळं ऐकलं. हानिमला अजून काही कळलेलं नाही आणि मी सांगणार नाही. बहिजा दाराआड उभी होती. मी निघाले तेव्हा तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. म्हटलं, "सोड, ढोपराला हळद लावायचीय." रडत होती. म्हटलं, "रडू नकोस. मी सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून हे झालं. तू सांगितलेलं. बघ, बोलणंही उलटं यायला लागलं."

१२ शाबान

लग्न झालं. छान झालं. मला बोलावणं नव्हतं.

हानिमने पडदे काचेच्या दुकानातून आणले असं स्वयंपाकिणीने सांगितलं.

२० रमजान

काही घरांनी मला दार बंद केलं. काही नव्या घरांनी बोलावलं. सायकलवरून पडल्याची गोष्ट ऐकायला. गोष्ट ऐकून झाली की कापडही बघतात. त्यांच्यापुढे मी दरवेळी थोडी जास्त लांब जाऊन पडते. उपासात बायकांना हसायला आवडतं. सरबतवाल्याला नवा घडा घेऊन दिला. तो आता गल्लीत मला बघितलं की घडा छातीशी धरतो.

लोक मला 'चाकाची वसीला' म्हणतात. म्हणोत.

४ शव्वाल

ईदनंतर बहिजा आली. काळ्या चादरीत, नवऱ्याने गाडी करून दिलेली. "कापड बघायला आले," म्हणाली. मी गाठोडं सोडायला लागले तर तिची नजर कोपऱ्यातल्या सायकलीवर. मी दाराला कडी घातली.

अंगणात ती चार वेळा पडली. पाचव्यांदा विहिरीला वळसा घालून आली. मी मागून बसायची जागा धरून पळत होते. म्हटलं, "सोडू?" म्हणाली, "सोडू नकोस." मी केव्हाच सोडलं होतं.

कापड काही घेतलं नाही.

९ शव्वाल, शुक्रवार

आज रिफ्की एफेंदी एकटाच आला. म्हटलं, कळलं याला. आता बोल लावणार.

तो म्हणाला, "खाला, तुमच्या सायकलीला तेल आणलंय. साखळी कोरडी पडते." लांब चोचीचं छोटं डबडं. मग गुडघ्यावर बसून साखळीला तेल घातलं, चाकं तपासली. बसायची जागा सैल करून दोन बोटं खाली केली.

मी म्हटलं, "मी उंच आहे."

"हो," तो म्हणाला, "तुम्ही उंच आहात." आणि खालीच ठेवली.

मग अंगणाकडे बघितलं. "हे छोटं आहे. वळताना त्रास होत असेल. तुम्हाला."

"मला काही त्रास नाही."

"पुढच्या शुक्रवारी पहाटे आम्ही हेलवानच्या वाटेला जाणार आहोत, मी आणि बहिजा. सरळ रस्ता आहे, माणूस नसतं. मी माझी सायकल नेणार. तुम्हीही तुमची घेऊन या. गाडी पाठवतो."

नाही म्हणावं तर संशय यायचा. हो म्हटलं. तो फार खूश झाला. जाताना दारात वळून म्हणाला, "खाला, त्या दिवशी तुम्ही छान चालवलीत."

मला पडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तरी याला अजून वाटतंय मला येते. एवढा भोळा माणूस इंजिनियर कसा झाला कोण जाणे. बहिजाला सांगितलं पाहिजे, याला कधी फसवू नकोस, याला काही कळत नाही.